मुडपलेलं बोट

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाई उगाच तापली. मी भाजीवाल्यावर तापते, सुनेवर तापते, कोंबडी उंबऱ्यावर चढली तर तिच्यावरही तापते आणि घटकाभरात विसरून जाते. घरचे म्हणतात, हिचा राग म्हणजे तणसाची आग. पण हा एक राग काही केल्या विझत नाही. माझी माय, मायची नायलॉनच्या दोरीची गाठ आणि ती गाठ घेऊन गेलेली माझी भुजली, एवढ्या तिघींचीच गोष्ट आहे.

भुजली म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, वैनगंगेच्या अलीकडे. श्रावणात आमच्याकडे पोरी टोपलीत माती घालून गहू पेरतात आणि अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवतात. उजेड मिळत नाही म्हणून रोपं पिवळी, लांबसडक होतात. त्यांना भुजल्या म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी त्या वाजतगाजत तळ्यावर नेऊन पाण्यात शिरवायच्या, आणि थोडी रोपं हातात राखून जिच्यावर आपला जीव आहे तिच्या कानामागे खोवायची. तिनं आपल्या कानामागे खोवायची. झालं! त्या घडीपासून दोघी एकमेकींच्या भुजली, मरेपर्यंत. सख्ख्या बहिणी भांडून वेगळ्या होतील, भुजली होत नाहीत. आणि एक नेम असतो. भुजलीचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. नवऱ्याचं नाव उखाण्यात तरी घेता येतं, भुजलीचं तेवढंही नाही. हाक मारायची ती फक्त 'भुजली' म्हणून. ती मला भुजली, मी तिला भुजली, दोघींचं नाव एकच.

माझी भुजली शेजारच्या घरातली. लहानपणी तिची आई शेतावर गेली की ती आमच्याच चुलीपाशी असायची. तिची वेणी माझी माय घालायची. तिच्या केसांत गुंता फार, आणि माय गुंता सोडवायला बसली की ही किंचाळायची, "मावशी, मले टकली करून टाक व, पण वढू नोको!" माय हसायची आणि आणखी हळू हातानं विंचरायची. हे मी मुद्दाम सांगते आहे. तिला मायचा हात माहीत नव्हता असं कोणी म्हणू नये.

मायचा उजवा हात वेगळा होता. त्या हाताला तर्जनी नव्हती, नुसतं एक कांडं उरलं होतं. माय लहान असताना बैलाला तळ्यावर पाणी पाजायला घेऊन चालली होती. कासरा हातात धरायचा सोडून तिनं खेळत खेळत बोटाला गुंडाळला. वाटेत कुत्रं भुंकलं, बैल उधळला, आणि दोरीनं बोट नेलं. तेव्हापासून गाव तिला 'थोटी' म्हणायचं. लग्न होऊन आमच्या गावात आली तरी थोटीच. कोणी वाईट मनानं म्हणायचं असंही नाही, तेच तिचं नाव पडून गेलं. मलाही तिचं खरं नाव शाळेत मास्तरांनी विचारलं तेव्हा, घरी धावत येऊन विचारावं लागलं. तिनं सांगितलं आणि स्वतःच लाजली. कितीतरी दिवसांनी ते नाव तिच्या कानावर पडलं होतं.

बोट गेलं ते दोरीनं गेलं, पण दोरीशी तिनं वैर धरलं नाही. उलट गावात तिच्यासारख्या गाठी कोणाच्या नव्हत्या. बैलाच्या तोंडावर बसणारी म्होरकी, दह्याचं गाडगं टांगायचं शिंकं, गाईच्या गळ्यातलं दावं, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बांधायचे गोंडे, सगळं तिच्या हातचं. आधी अंबाडीची दोरी असायची. मग बाजारात नायलॉन आलं. अंबाडी खरबरीत, तिला कशीही गाठ मारा, बसते. नायलॉन गुळगुळीत. नवी दोरी म्हणून हौसेनं आणलेली लोकांची दावी सुटून बैल दुसऱ्याच्या धानात शिरायचे आणि मग बांधाबांधावर शिव्यांचा बाजार. मायच्या गाठी मात्र कधी सुटल्या नाहीत.

त्याचं कारण तिचं तुटकं बोट. आपण दोरीचा फास अंगठा आणि तर्जनीत धरतो. मायला तर्जनीच नाही, म्हणून ती फास अंगठा आणि मधल्या बोटात धरायची. ओढताना तो निसटायचा, म्हणून ती त्याला एक जास्तीचा वेढा द्यायची. मग दोन्ही टोकं गाठीच्या पोटात खुपसून जोरानं ओढायची. गाठ गोल व्हायची, बोराएवढी, भरीव, आणि टोकं कुठं गेली ते शोधून सापडायचं नाही. गाठीचं तोंड दिसत नाही म्हणून माय तिला 'मुकी गाठ' म्हणायची. एकदा बसली की ती सोडवता येत नाही, कापावीच लागते. आणि दिसायला एवढी देखणी की रांगेनं बांधल्या तर माळच वाटावी.

मी ती गाठ मायच्या मांडीला मांडी लावून शिकले. कोणी समजावून सांगितलं नाही, नुसतं पाहून. म्हणून माझंही बोट मुडपलं जातं. मला दहाही बोटं धड आहेत, पण हातात दोरी आली की उजवी तर्जनी आपोआप तळहातात जाऊन बसते. ती सरळ ठेवली तर मध्ये येते आणि जास्तीचा वेढा बसत नाही. माय बघायची आणि म्हणायची, "माह्या बोटाची नक्कल काऊन करतं व? तुले देवानं देलं ना बोट!" पण तिला ते आवडायचं, मला कळायचं.

माझं लग्न गावातच झालं, भुजलीचं नदीपलीकडे, आष्टीला. मध्ये वैनगंगेचा पूल. पुलाच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. आम्हाला त्याचं काय? तांदूळ तोच, बोली तीच, आणि तास दीड तासात माणूस भेटून परत येतं. तिच्या नवऱ्यानं रस्त्यावर टायर पंक्चरचं दुकान टाकलं आणि हिनं बाजूला चहाची टपरी. सूरजागडच्या पहाडातून लोखंडाचा दगड भरून येणारे ट्रक तिथं थांबायला लागले तशी टपरी चालली. ट्रकवर ताडपत्री बांधायची दोरी असते, बारीक पण हत्ती ओढून नेईल अशी मजबूत. ड्रायव्हर लोक उरलेले तुकडे कापून तिथंच टाकून द्यायचे. भुजली ते गोळा करून माझ्यासाठी ठेवायची. मायला ती दोरी फार आवडली. लाल, निळी, पिवळी, काळ्या ठिपक्यांची. माय टोकं दिव्यावर धरून वितळवायची म्हणजे ती उसवत नाहीत, आणि किल्लीचे गोंडे, काठीच्या मुठी, मनगटातली कडी करत बसायची. तिचे शेवटचे दिवस त्या रंगीत तुकड्यांत गेले. मेली त्या दिवशीही उशाला अर्धा गोंडा होता. तो मी पुरा केला नाही, तसाच ठेवला आहे.

माय गेल्यावर वर्ष उलटलं असेल. मी भुजलीकडे गेले होते. तिची सासू तेव्हा अंथरुणाला खिळलेली. भुजली टपरीवर, म्हणून सासूच्या हातापायाला तेल मीच चोळत बसले होते. म्हातारी बडबडी होती, माझ्यावर खूश असायची. काम आटोपून भुजली येऊन बसली आणि तिनं माझ्या पिशवीला लावलेला गोंडा हातात घेतला.

"भुजली, मले हे गाठ शिकव ना व. ड्रायव्हर लोक इचारून राह्यले."

"शिकवते ना," मी म्हटलं. "पण कोणी इचारलं तं मायची हाय म्हणून सांगजो. नाव घेऊन सांगजो तिचं. थोटी म्हणून नाई."

"हे का सांगाची गोष्ट झाली? मावशीनं माह्या केसाच्या येण्या घातल्या. भुजलीची आन!"

भुजलीची आन म्हणजे आमच्यात आईच्या शपथेहून मोठी. मी तिचा हात धरून शिकवलं. ती बोट सरळ ठेवायची आणि वेढा निसटायचा. मी चिडायची. "बोट मुडप म्हणते ना!" "काऊन पण?" "अव, मायले नव्हतं ना ते बोट! तिच्या हातावरची गाठ हाय, तिच्या हातासारखाच हात कराव लागते." मग तिनं बोट मुडपलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मी तिला जवळ घेतलं होतं. ते पाणी खरं होतं की नाही, आता कोणाला विचारू?

मायचं म्हणावं असं या जगात काहीच नव्हतं. शेत बापाचं, घर भावाचं, फोटो एकही नाही. एका लग्नात कोणीतरी काढला होता, त्यात तिनं हात पदराखाली लपवला आणि तोंडही वळवलं. तिचं स्वतःचं होतं ते एवढंच, ती गाठ. म्हणून मला वाटायचं, गाठ जाऊ दे ना दूर दूर, ट्रकच्या किल्ल्यांना लटकून जाऊ दे कुठंच्या कुठं, फक्त कोणी विचारलं कोणाची, तर मायचं नाव निघावं. दुसरं काहीच मागितलं नव्हतं मी.

पुढे भुजलीचं काम वाढलं. नागपूरकडच्या कोणी मॅडम टपरीवर चहाला थांबल्या, त्यांना गोंडे आवडले, मग माणसं येऊ लागली, बचत गटाच्या मोठ्या बैठकीत हिला बोलावलं. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळायचं. मी फोन केला की, "भुजली, गिऱ्हाईक हाय, मंग बोलते." मंग कधीच उगवायचा नाही. मी म्हटलं, असू दे, कामात आहे बिचारी. बघा, माझ्यासारखी तापट बाई, आणि मी समजूतदारपणा करत होते!

एक दिवस सुनेनं मोबाईलवर तिचा व्हिडिओ दाखवला. माझा मोबाईल पाण्याच्या गुंडात म्हणजे हंड्यात पडून त्याचा आवाज गेला होता आणि सुनेचा चार्जिंगला होता, म्हणून माझ्यावरच पाहिला. नुसतं चित्र, आवाज नाही. भुजली नवी पैठणीसारखी साडी नेसून बसलेली, समोर दोरीचे तुकडे, ती बोलते आहे आणि गाठ बांधून दाखवते आहे. आणि बोट मुडपलेलं! अगदी मायसारखं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी तो मोबाईल घेऊन अख्ख्या गावात हिंडले. "पाहा, पाहा, माह्या मायची गाठ मोबाईलमंदी आली!" नळावर दाखवला, धानाच्या रोवणीला गेलेल्या बायकांना बांधावर बसवून दाखवला. "आवाज काऊन नाई व?" त्या विचारायच्या. "आवाज बिघडला हाय. पण मायचं नाव घेऊन सांगून राह्यली ते. ओठ पाहा ना तिचे," मी म्हणायची. ओठ पाहून मीच ठरवलं होतं की इथं तिनं मायचं नाव घेतलं. अरे बाप्पा! स्वतःच्या हातानं स्वतःला फसवणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही.

मग गोंडपिपरीला शिबिर लागलं. दोरीकाम शिकवणार, प्रत्येक गटातून एक बाई पाठवा. आमच्या गटाच्या बायका हसल्या. "तुले कोण शिकवन व? तूच शिकवशीन." मीही हसले. शिकवायला आष्टीची मॅडम येणार हे कळल्यावर तर मी मुद्दाम गेले. भुजलीला कळवलं नाही. वाटलं, अचानक समोर उभी राहीन, ती ओरडेल, "भुजली, तू व!" आणि मला ओढून पुढं नेईल. सांगेल सगळ्यांना की ही गाठवालीची पोरगी. मी मायचा तो अर्धा गोंडासुद्धा पिशवीत घेतला होता.

सभागृहात दऱ्या अंथरलेल्या, बायका दाटीवाटीनं बसलेल्या. मी उशिरा पोचले म्हणून मागं, दाराशी जागा मिळाली. पुढं टेबल, माईक, आणि एक साहेब भाषण करत होते. "आज आपल्याला एक दुर्मिळ पारंपरिक कला शिकायला मिळणार आहे," असं काहीतरी. मग भुजली उभी राहिली. माईक हातात आणि बोली गायब. शाळेच्या पुस्तकासारखं बोलत होती.

"नमस्कार ताई. ही गाठ आमच्या घराण्याची आहे. माझ्या सासूबाईंनी मला शिकवली. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी शिकवली. आम्ही हिला राणीगाठ म्हणतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. कान असे पुढं करून मी बसले. ती पुढं बोलतच होती.

"आता दोरी घ्या. फास अंगठा आणि मधल्या बोटात धरा. तर्जनी मुडपून घ्या. हो, अशी. मुडपल्याशिवाय राणीगाठ बसत नाही."

माझ्या पुढ्यातल्या एका बाईनं विचारलं, "बोट काऊन मुडपाचं वो मॅडम? बांधाले जड जाते ना."

भुजली गोड हसली. "तर्जनी म्हणजे गर्व, ताई. दुसऱ्याला दाखवायचं बोट. कला करताना गर्व बाजूला ठेवायचा, असं माझ्या सासूबाई सांगायच्या."

बायकांनी माना डोलावल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गर्व म्हणे! माझ्या मायचं बोट बैलानं नेलं, जखम पिकली होती, जन्मभर तिनं तो हात पदराखाली लपवला, आणि ही त्याला गर्व म्हणते! आणि मग मी पाहिलं, सगळ्या सभागृहातल्या बायकांनी बोटं मुडपली होती. सगळ्यांचे उजवे हात थोटे. जिकडे पाहावं तिकडे मायचा हात, आणि एकीलाही माहीत नाही की तो मायचा आहे. मला रडू फुटलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच, आणि मी उभी राहिले.

"भुजली!"

सगळ्या मागं वळल्या. भुजलीनं मला पाहिलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. एक क्षण मला वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, अव बायांनो, ही पाहा कोण आली. मी वाट पाहत उभी होते. खरं सांगते, त्या क्षणी जरी तिनं मायचं नाव घेतलं असतं ना, तरी मी सगळं गिळून टाकलं असतं.

तिनं माईक तोंडाशी नेला आणि माझं नाव घेतलं. माझं पाळण्यातलं नाव, आणि पुढं ताई.

"ताई, खाली बसा. प्रश्न शेवटी घेऊ."

कानफटात मारली असती तर चाललं असतं. मीही एखादी लगावली असती आणि दोघी रडलो असतो. पण नाव! गहू कानामागे खोवल्यापासून तिच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. भांडलो तेव्हासुद्धा नाही, माझा नवरा गेला तेव्हा मला गदागदा हलवून जागं केलं तेव्हासुद्धा नाही. सभागृहातल्या कोणाला काही कळलं नाही. त्यांना वाटलं, किती आदरानं बोलते मॅडम.

"तुह्या सासूले दाही बोटं होते व!" मी ओरडले. "मी तेल चोळलं हाय त्या हाताले! माह्या मायची गाठ हाय हे! मायले बोट नव्हतं म्हणून मुडपते आपण!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघी हसल्या. साहेब लगबगीनं पुढं आले. "ताई, घरगुती गोष्टी नंतर बोला. इतक्या लांबून बायका आल्या आहेत. अन् चहा आला आहे, चहा घ्या." चहाचं नाव निघाल्याबरोबर सगळ्या उठल्या. माझं बोलणं कपबश्यांच्या आवाजात गेलं. पिशवी उचलून मी बाहेर आले.

पाण्याच्या टाकीखाली गावाकडे जाणारी काळीपिवळी जीप उभी राहते. मी तिथं जाऊन थांबले. थोड्या वेळानं चपला वाजल्या आणि मागून आवाज आला.

"भुजली, थांब ना व."

आता भुजली! आता बोलीही परत आली होती. मी वळले नाही.

"आयक ना व माह्यं. बचत गटातून पयलं काम निघालं ते गडचिरोली जिल्ह्याचं होतं. तिकडचे साहेब म्हणले, तुमच्या जिल्ह्याची कला पायजे, घराण्याची पायजे. मावशी पडली पुलाच्या इकडची. मंग मी काय सांगू? सासूचं नाव देलं. माह्या मनात काई पाप नव्हतं."

"अन् आज?" मी वळले. "आज तं तू पुलाच्या इकडं आली ना? इथून मायचं घर किती दूर हाय? आज काऊन नाई घेतलं नाव?"

"एकडाव मोबाईलवर गेलं ते गेलं. आता कसं फिरवू? लोक म्हणतीन, खोटी बाई हाय."

"मंग खोटी नाई का तू?"

ती पदराशी चाळा करत राहिली. मला अजूनही आशा होती, काय सांगू. ती रडली असती, माफ कर म्हणाली असती, तर माझा राग तणसाचाच आहे. पण ती कंटाळल्यासारखी म्हणाली, "तू पण ना, भुजली. मावशी तं गेली. तिले आता काय फरक पडते?"

केसानं गळा कापणं लोक बोलताना सहज म्हणून जातात. ज्या बाईनं तुझ्या केसांतला गुंता हळू हातानं सोडवला, तिच्याबद्दल हे! मी तिच्याकडे पाहिलं. तोच चेहरा, तेच पिंगट डोळे, कानामागे थोडे पांढरे केस. त्याच कानामागे मी रोपं खोवली होती. आणि मी तिचं नाव घेतलं. अर्धवट नाही, पूर्ण. तिचं, तिच्या नवऱ्याचं, वर सासरचं आडनाव, मास्तर हजेरी घेतात तसं.

"तुमची वाट पाहून राह्यले असतीन आत," मी म्हटलं. "जा तुम्ही, मॅडम."

ती पांढरी पडली. "अव, काय बोलून राह्यली तू? नाव काऊन घेतलं व?"

"पयले तुमीच घेतलं."

ती तोंडाला पदर लावून उभी राहिली. तेव्हा ती रडत होती बहुतेक, पण मला आता तिच्या डोळ्यांतल्या पाण्याचं काही कळत नाही. मी जीपमध्ये चढले.

जीप भरायला वेळ लागतो. शिबिर सुटलं तशा चारपाच बाया येऊन बसल्या. माझ्या शेजारी एक तरणी बाई बसली, सुनेच्या वयाची, हातात लाल दोरी. बसल्याबरोबर गाठ बांधायला लागली. दोनदा सुटली. मग तिनं जीभ चावत बोट मुडपलं आणि गाठ बसली. छान बसली. माझ्याकडे पाहून हसली. मी सभागृहात ओरडलेली बाई हे तिनं ओळखलं नव्हतं, ती पुढच्या रांगेत असावी, एवढ्या गर्दीतून माझं तोंड दिसलं नसावं आणि बोलणंही पोचलं नसावं.

"तुमाले येते का वो बाई? राणीगाठ म्हणते हिले. बोट मुडपाव लागते, गर्व असते म्हणते बोटात."

"गर्व नाई, बेटा," मी म्हटलं. "जिची गाठ हाय तिले हे बोट नव्हतं. बैलाच्या कासऱ्यानं नेलं लहानपणी. म्हणून ते जास्तीचा वेढा देत जाय. आपण मुडपतो ते तिच्या हातासारखा हात कराले."

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं, आणि मग समजूत घालावी तशी म्हणाली, "नाई वो बाई. मॅडमनं सांगतलं ना. सासूची हाय त्यायच्या. तुमी मागं बसल्या असान, नीट आयकू नाई आलं तुमाले."

जीप सुरू झाली. मी तिला मायचं नाव सांगितलं. मोठ्यानं, इंजिनाच्या आवाजावर जाईल एवढ्या मोठ्यानं.

"कोण वो ते?" तिनं विचारलं, आणि पुढची गाठ बांधायला बोट मुडपलं.